चुंबकप्रतिसादी द्रवांच्या प्रवाहगुणांवर परिणाम करणारे घटक : एक ऐतिहासिक आढावा
(विशेष संदर्भ : पालघर व बोईसर-तारापूर परिसर)

प्रस्तावना :

विज्ञानाच्या इतिहासात शोध लागल्याचे वर्ष आणि तो शोध प्रत्यक्ष उपयोगात आल्याचे वर्ष यांत पुष्कळदा मोठे अंतर असते. हे अंतर का पडले, याचा विचार केल्याखेरीज त्या शोधाचा इतिहास पूर्ण होत नाही. चुंबकाच्या सान्निध्यात क्षणार्धात घट्ट होणारा व चुंबक दूर होताच पुन्हा वाहू लागणारा द्रव हे याचे बोलके उदाहरण होय. असा द्रव १९४८ मध्ये अमेरिकेत जाहीररीत्या दाखविण्यात आला. त्यावर आधारलेली टिकाऊ यंत्रे मात्र १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बाजारात आली नाहीत. मधल्या सुमारे पन्नास वर्षांत नेमके काय घडले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

अशा द्रवाच्या प्रवाहगुणांवर परिणाम करणारे घटक पाठ्यपुस्तकांत सामान्यतः एका यादीच्या स्वरूपात दिलेले असतात. प्रस्तुत लेखात हे घटक ज्या क्रमाने संशोधकांपुढे अडचण म्हणून उभे राहिले, त्या क्रमाने मांडण्याचा प्रयत्न केला आहे. या मांडणीतून जो निष्कर्ष निघतो, तो पालघर व बोईसर-तारापूर या औद्योगिक व भूकंपप्रवण परिसरातील महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने विशेष विचारात घेण्याजोगा आहे.

१. पूर्वपीठिका :

या इतिहासाचे मूळ दोन निरनिराळ्या प्रवाहांत सापडते. पहिला प्रवाह रिऑलॉजीचा, म्हणजे पदार्थाच्या वाहण्याच्या व रूप बदलण्याच्या शास्त्राचा आहे. यूजीन बिंगहॅम हे अमेरिकेतील लाफायेट कॉलेज या लहानशा महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. काही पदार्थ थोडा जोर लावल्यास मुळीच वाहत नाहीत, आणि तो जोर एका विशिष्ट मर्यादेपलीकडे गेल्यावरच वाहू लागतात, असे त्यांनी १९१६ मध्ये अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेच्या प्रकाशनातून मांडले. १९१९ मध्ये त्यांनी व हेन्री ग्रीन यांनी भिंतीला लावण्याचा रंग हाही अशाच पदार्थांत मोडतो, असे दाखविले. भिंतीवर दिलेला रंग ओघळत नाही आणि कुंचल्याखाली मात्र सहज पसरतो, याचे कारण हेच. ज्या मर्यादेला पदार्थ वाहू लागतो, तिला येथे ‘प्रवाहारंभ प्रतिबल’ असे म्हटले आहे. पुढे १९२९ मध्ये सोसायटी ऑफ रिऑलॉजी या संस्थेची स्थापना झाली व या शास्त्राला स्वतंत्र मान्यता मिळाली.

दुसरा प्रवाह रसायनोद्योगाचा आहे. लोह व कार्बन मोनॉक्साइड यांच्या संयोगातून आयर्न पेंटाकार्बोनिल नावाचा द्रव तयार होतो, हे १८९१ मध्ये ज्ञात झाले होते. हा द्रव तापवून त्याचे विघटन केल्यास अतिशय शुद्ध लोहाचे सूक्ष्म व गोल कण मिळतात. जर्मनीतील बीएएसएफ कंपनीने १९२५ पासून अशा ‘कार्बोनिल लोह’ भुकटीचे उत्पादन सुरू केले. तिचा आरंभीचा मोठा उपयोग रेडिओ व दूरसंचार यंत्रांतील वेटोळ्यांच्या गाभ्यासाठी झाला. या भुकटीचा उपयोग पुढे एखाद्या द्रवात होईल, असे त्या काळी कोणाच्या ध्यानीमनीही नसावे.

२. १९४८ चा शोध :

जेकब रॅबिनो हे खार्किव येथे जन्मलेले व लहानपणी अमेरिकेत स्थायिक झालेले अभियंते त्याच संस्थेत, म्हणजे नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये काम करीत होते. त्यांनी १९४८ मध्ये चुंबकीय द्रवावर चालणारा क्लच सादर केला. त्यांचे मिश्रण साधे होते. वजनाने नऊ भाग कार्बोनिल लोह व एक भाग सिलिकॉन तेल, खनिज तेल किंवा रॉकेल असे त्याचे प्रमाण होते. कण तळाशी बसू नयेत म्हणून त्यात आवश्यकतेनुसार ग्रीससारखा पदार्थही घातला जाई. दोन चकत्यांमधील हा द्रव चुंबकीय क्षेत्रात इतका घट्ट होई की, त्याच्या बळावर एका तरुणीचा भार अधांतरी तोलून धरल्याचे प्रात्यक्षिकही करण्यात आले.

येथे एक बाब आवर्जून नोंदविली पाहिजे. चुंबकीय क्षेत्रात या द्रवाला येणारे बळ आजच्या व्यापारी द्रवांच्या बळाहून फारसे कमी नव्हते. याचा अर्थ असा की, चुंबकाला प्रतिसाद देण्याचा प्रश्न बव्हंशी पहिल्याच प्रयत्नात सुटला होता. तरीही हा शोध मागे पडला. त्याच सुमारास विल्यम विन्स्लो यांनी विद्युत्क्षेत्रात घट्ट होणारा द्रव शोधून काढला होता, आणि पुढील काही दशके संशोधकांचे लक्ष प्रामुख्याने त्याकडे राहिले. वस्तुतः विद्युत्प्रतिसादी द्रवाला हजारो व्होल्टचा दाब लागतो व त्याचे बळ कितीतरी कमी असते. असे असूनही चुंबकप्रतिसादी द्रव उपेक्षित का राहिला, याचे उत्तर त्याच्या प्रवाहगुणांत शोधावे लागते.

३. चुंबकीय क्षेत्र असताना प्रभावी ठरणारे घटक :

चुंबकीय क्षेत्र लागू होताच प्रत्येक लोहकण स्वतः लहानसा चुंबक बनतो, आणि हे कण एकमेकांना चिकटून क्षेत्राच्या दिशेने साखळ्या तयार करतात. द्रव वाहण्यासाठी या साखळ्या तुटाव्या लागतात. साखळ्या तोडण्यास लागणारा जोर म्हणजेच त्या द्रवाचे प्रवाहारंभ प्रतिबल. ही क्रिया काही सहस्रांश सेकंदांत पूर्ण होते. या अवस्थेत पुढील घटक महत्त्वाचे ठरतात.

(अ) क्षेत्राची तीव्रता : क्षेत्र दुर्बल असताना प्रतिबल क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. क्षेत्र वाढत गेल्यावर कणांचे परस्परांना भिडलेले भाग आधी संपृक्त होतात व वाढीचा वेग मंदावतो. हा फरक फोर्ड मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेतील गिंडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात स्पष्ट केला. लोह सुमारे २.१ टेस्ला इतक्या मर्यादेला पूर्ण संपृक्त होते. त्यानंतर क्षेत्र कितीही वाढविले तरी द्रवाचे बळ वाढत नाही.

(आ) कणांचे प्रमाण : आजच्या द्रवांत आकारमानाने साधारण २० ते ४० टक्के लोह असते, आणि त्यांचे प्रतिबल ५० ते १०० किलोपास्कलपर्यंत जाते. लोह वाढविल्यास बळ वाढते हे खरे. परंतु क्षेत्र नसतानाची श्यानता, म्हणजे द्रवाचा दाटपणा, त्याहूनही झपाट्याने वाढतो. एका बाजूने मिळविलेले दुसऱ्या बाजूने गमावले जाते.

(इ) कणांचा आकार : हे कण सामान्यतः १ ते १० मायक्रोमीटर व्यासाचे असतात. मोठ्या कणांच्या साखळ्या अधिक बळकट होतात. मात्र ते लवकर तळाशी बसतात आणि यंत्राच्या पृष्ठभागांची झीज करतात. दोन वेगवेगळ्या आकारांचे कण योग्य प्रमाणात मिसळल्यास मोठ्या कणांमधील पोकळ्या लहान कण भरून काढतात व दाटपणा आटोक्यात राहतो.

(ई) कर्तनाचा वेग : द्रवाचे थर एकमेकांवरून जितक्या वेगाने सरकतात, तितका साखळ्या तुटण्याचा वेगही वाढतो. द्रवाची ओढ व चुंबकीय आकर्षण यांच्या गुणोत्तराला मेसन अंक म्हणतात. तो लहान असेल तर साखळ्या टिकतात, मोठा झाल्यास कोलमडतात. म्हणूनच बिंगहॅम यांचे साधे समीकरण मर्यादित वेगांपुरतेच अचूक ठरते. त्यापलीकडे १९२६ मध्ये हर्शेल व बल्कली यांनी मांडलेले सूत्र वापरावे लागते.

४. चुंबकीय क्षेत्र नसताना प्रभावी ठरणारे घटक :

वरील सर्व घटक गणिताच्या चौकटीत बसणारे असल्याने त्यांवर विपुल लेखन झाले. परंतु या द्रवाची पन्नास वर्षे ज्यांनी खर्ची घातली, ते घटक निराळे होते. चुंबक बंद असताना द्रव आज जसा वाहतो तसाच तो वर्षभरानंतरही वाहील काय, या प्रश्नाशी ते निगडित होते.

पहिला घटक म्हणजे कण तळाशी बसणे. लोहाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.९ ग्रॅम, तर तेलाची एक ग्रॅमहूनही कमी. या तफावतीमुळे कण खाली बसणे अटळ असते, आणि बसण्याचा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १९६३ मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेतील स्टीव्ह पॅपेल यांनी तयार केलेल्या चुंबकीय कलिलात हा दोष जवळजवळ नव्हता. त्यातील कण सुमारे १० नॅनोमीटरचे, म्हणजे जवळपास हजारपट लहान असल्याने रेणूंच्या धडकांमुळेच ते तरंगत राहतात. मात्र त्याच कारणाने ते बळकट साखळ्या करू शकत नाहीत. तीव्र क्षेत्रातही हे कलिल वाहतच राहते. बळ हवे तर कण मोठे हवेत, आणि कण मोठे असतील तर ते खाली बसणारच, अशी ही कोंडी आहे. तिच्यातून काढलेला व्यवहारी मार्ग असा : कण बसले तरी चालतील, पण ते दगडासारखे घट्ट बसू नयेत. पृष्ठक्रियाकारक द्रव्ये, सूक्ष्म सिलिका किंवा चिकणमातीसारखे पदार्थ घालून बसलेला साका हलका ठेवला जातो. ‘हलवून वापरा’ असे लिहिलेल्या औषधाच्या बाटलीमागील तत्त्वही हेच आहे.

दुसरा घटक अधिक अनपेक्षित होता. वारंवार वापरानंतर हा द्रव दाट होत जाऊन अखेर बुटाच्या पॉलिशसारखा लगदा बनत असे. अमेरिकेतील लॉर्ड कॉर्पोरेशनचे जे. डेव्हिड कार्लसन यांनी या दोषाचा विशेष अभ्यास केला. सततच्या दाबाखाली व घर्षणाखाली लोहकणांवरील ठिसूळ आवरणाचे कपचे उडतात. हे अतिसूक्ष्म तुकडे द्रवात पसरतात व त्याचा दाटपणा वाढवीत जातात. उत्तम द्रवाची कसोटी केवळ त्याच्या बळावर ठरत नाही, टिकाऊपणावर ठरते, अशी मांडणी कार्लसन यांनी या शतकाच्या प्रारंभी केली.

तिसरा घटक तापमानाचा. लोहाचे चुंबकत्व ७७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकत असल्याने यंत्रातील उष्णतेचा त्यावर फारसा परिणाम होत नाही. परंतु तेल तापले की पातळ होते, आणि त्यामुळे क्षेत्र नसतानाचा विरोध बदलतो. चौथा घटक गंजण्याचा. पाण्यावर आधारलेल्या द्रवांत, तसेच दमट व खारट हवेचा संपर्क असेल तेथे, लोहकणांवर ऑक्साइड चढते. त्यामुळे कणांचे चुंबकत्व घटते व पृष्ठभाग ठिसूळ होतो.

या चारही घटकांत चुंबकाचा भाग अल्प आहे. तेल, साका, झीज व गंज या कोणत्याही कारखान्यात नित्य आढळणाऱ्या बाबी आहेत. त्या आटोक्यात आल्यावरच यंत्रे बाजारात आली. १९९० च्या दशकाच्या मध्यास व्यायामयंत्रांतील ब्रेक, १९९८ मध्ये मालमोटारचालकाच्या आसनाचा डँपर, २००२ मध्ये कॅडिलॅक मोटारीतील सस्पेन्शन असा हा क्रम आहे. २००१ मध्ये तोक्यो येथील विज्ञानसंग्रहालयाच्या इमारतीत भूकंपाच्या कंपनांसाठी, तर २००२ मध्ये चीनमधील तुंगथिंग सरोवरावरील पुलाच्या तारांसाठी असे डँपर बसविण्यात आले.

५. भारतातील कार्य :

भारतात या क्षेत्राचा पाया घालण्यात एका प्रादेशिक विद्यापीठाचा वाटा मोठा आहे. भावनगर विद्यापीठात आर. व्ही. मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय द्रवांवर दीर्घकाळ संशोधन केले. १९९५ च्या जानेवारीत चुंबकीय द्रवांवरील सातवी आंतरराष्ट्रीय परिषद भावनगर येथेच भरली होती. पुढे कानपूरच्या आयआयटीमध्ये सुनील झा व व्ही. के. जैन यांनी चुंबकप्रतिसादी द्रवात अपघर्षक कण मिसळून धातूच्या अंतर्भागांना झिलई देण्याची पद्धत विकसित केली व २००४ मध्ये ती प्रसिद्ध केली. महानगरातील मोठ्या प्रयोगशाळेबाहेरही या विषयात मूलभूत काम होऊ शकते, हे भावनगरच्या उदाहरणावरून दिसून येते. बिंगहॅम यांच्या लाफायेट कॉलेजचे उदाहरणही याच जातीचे आहे.

६. पालघर व बोईसर-तारापूर परिसराचा संदर्भ :

१ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेल्या पालघर जिल्ह्याच्या संदर्भात वरील इतिहासाचा तीन अंगांनी विचार करता येतो.

(अ) ‘आतल्या द्रव्या’चा धडा : तारापूरच्या अणुविद्युत केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या होत्या, व २८ ऑक्टोबर १९६९ रोजी त्यांचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. त्यांना लागणाऱ्या समृद्ध युरेनियमचा पुरवठा अमेरिकेने करावा, असा करार १९६३ मध्ये झाला होता. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर व अमेरिकेच्या १९७८ च्या अण्वस्त्रप्रसारविरोधी कायद्यानंतर हा पुरवठा अडचणीत आला, आणि १९८२ मध्ये फ्रान्सकडून इंधन घेण्याची व्यवस्था करावी लागली. यंत्र हाती आले तरी त्यात नित्य लागणारे द्रव्य हाती नसेल, तर यंत्र परावलंबी राहते, हा या परिसराने घेतलेला अनुभव आहे. चुंबकप्रतिसादी यंत्रांबाबतही हाच प्रश्न उपस्थित होतो. डँपरची नळी कोणत्याही चांगल्या कार्यशाळेत होऊ शकेल. अडचण आतल्या द्रवाची आहे.

हे द्रव्य येथेच का तयार करू नये, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सावधपणे द्यावे लागेल. कार्बोनिल लोहाच्या निर्मितीत विषारी कार्बन मोनॉक्साइड व तितकेच घातक, ज्वालाग्राही आयर्न पेंटाकार्बोनिल उच्च दाबाखाली हाताळावे लागते. जानेवारी २०२० मध्ये याच औद्योगिक क्षेत्रातील रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात माणसे दगावली. ती घटना विस्मरणात टाकून असा उद्योग येथे सुचविणे योग्य होणार नाही. पोलाद कारखान्यांतील घासकाम व कापकामातून निघणारा चुरा वापरावा, ही सूचनाही वरवर आकर्षक वाटते. परंतु त्याचे कण वेडेवाकडे, अशुद्ध व कठीण असतात. शिवाय या परिसरात स्टेनलेस स्टीलचेही उत्पादन होते, आणि त्याचे ३०४ सारखे प्रचलित प्रकार मुळात जवळजवळ अचुंबकीय असतात. स्वस्त कच्चा माल जवळ आहे, एवढ्यावरून तो उपयुक्त ठरत नाही.

(आ) उपलब्ध कौशल्य : याउलट, ज्या चार अडचणींनी या द्रवाची पन्नास वर्षे घेतली, त्यांची जाण मात्र या परिसरात आहे. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायने, रंगद्रव्ये, औषधे व कापड-प्रक्रिया यांचे कारखाने आहेत. कण द्रवात तरंगत कसा ठेवावा, साका घट्ट बसू नये म्हणून काय घालावे, तापमानाने दाटपणा किती बदलतो, या गोष्टी तेथील रसायनतज्ज्ञांच्या रोजच्या कामाचा भाग आहेत. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत चुंबकीय रिओमीटरसारखे महागडे उपकरण नसेल. पण क्षेत्र नसतानाची श्यानता, काचनळीत साका बसण्याचा वेग, साका पुन्हा मिसळण्यास लागणारे श्रम, आणि किनाऱ्यावरील पावसाळी दमट हवेत काही महिने ठेवलेल्या नमुन्यांत होणारा बदल, हे मोजण्यास साधी साधने पुरेशी आहेत. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन करण्याजोगा हा अभ्यास आहे. वापरून झालेला तेलमिश्रित लोहाचा गाळ कोठे जातो, याची नोंदही त्या अभ्यासाचा भाग असली पाहिजे. ज्या परिसरातील खाड्यांना औद्योगिक सांडपाण्याचा उपद्रव पोहोचला आहे, तेथे हा प्रश्न दुय्यम मानता येणार नाही.

(इ) भूकंपाचा प्रश्न : नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडी परिसरात लोकांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या. धक्के बहुतांशी सौम्य असले, तरी त्यांच्या सातत्यामुळे भीती व घरांचे नुकसान या दोन्ही गोष्टी घडल्या. अशा वेळी ‘स्मार्ट’ पदार्थांनी इमारती सुरक्षित करता येतात, हे विधान ऐकू येणे साहजिक आहे. त्याची मर्यादा मात्र याच इतिहासातून स्पष्ट होते.

डँपर काम करतो तो इमारतीच्या दोन भागांत सापेक्ष हालचाल झाली तरच. उंच व लवचिक इमारतीत ती होते. जाड भिंतीच्या ठेंगण्या, ताठर घराला मात्र तेवढी हालचाल होण्यापूर्वीच तडे जातात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात हजारो लोक मृत्युमुखी पडले, ते प्रामुख्याने दगडमातीच्या जड भिंती व माळवदे कोसळल्याने. त्या घरांचा प्रश्न कोणत्याही द्रवाने सुटणारा नव्हता. भिंतींना बांधून ठेवणारे पट्टे, हलकी छपरे व पक्के सांधे हेच त्यावरील उपाय होत. वारली वस्त्यांतील कारवीच्या कुडाची हलकी घरे या दृष्टीने दगडी घरांपेक्षा कमी घातक आहेत, ही बाब गृहबांधणीच्या योजना आखताना लक्षात ठेवली पाहिजे.

उंच इमारतींच्या बाबतीतही एक अडचण उरते. मोटारीतील डँपर रोज हलतो, त्यामुळे बसलेले कण आपोआप पुन्हा मिसळतात. भूकंपासाठी बसविलेला डँपर मात्र वर्षानुवर्षे स्तब्ध असतो, आणि एखाद्या दिवशी काही सेकंदांतच त्याने कार्यक्षम होणे अपेक्षित असते. म्हणजे रॅबिनो यांना १९४८ मध्ये ज्यासाठी ग्रीस घालावे लागले, ती कण बसण्याची अडचण येथे सर्वांत तीव्र होते. शिवाय त्याच क्षणी वीजपुरवठा खंडित होण्याचा संभव असल्याने स्वतंत्र विजेची व नियंत्रकाची तजवीज ठेवावी लागते. विजेविना हा डँपर केवळ एक साधा तेलाचा डँपर उरतो, आणि तेही आतला साका घट्ट झालेला नसेल तर.

निष्कर्ष :

१. चुंबकप्रतिसादी द्रवाचे बळ १९४८ मध्येच जवळपास सिद्ध झाले होते. पुढील विलंब प्रामुख्याने क्षेत्र नसतानाच्या प्रवाहगुणांमुळे, म्हणजे कण बसणे, वापराने दाट होणे, तापमान व गंज यांमुळे झाला.

२. या घटकांचा अभ्यास अल्प साधनांत होऊ शकतो. बोईसर-तारापूरच्या रसायनोद्योगातील अनुभव व किनारपट्टीचे हवामान यांमुळे तो या परिसरात विशेष अर्थपूर्ण ठरेल.

३. कच्च्या मालाची निर्मिती व टाकाऊ गाळाची विल्हेवाट हे दोन्ही प्रश्न संशोधनाच्या आरंभापासून विचारात घेतले पाहिजेत.

४. डहाणू-तलासरीतील सामान्य घरांच्या सुरक्षिततेसाठी या द्रवांवर विसंबणे इतिहासाला धरून होणार नाही. तेथे बांधकामाचे साधे व सिद्ध नियमच प्रथम अमलात आणले पाहिजेत.

एखाद्या नव्या पदार्थाविषयी विद्यार्थ्यांना सांगताना तो चुंबकासमोर काय करतो, हे आपण उत्साहाने दाखवितो. चुंबक काढून घेतल्यावर त्याचे पुढे काय होते, हेही त्याच तासाला दाखविले, तर पदार्थविज्ञानाचे अध्यापन अधिक प्रामाणिक होईल.